चूलबंद आवतण

पिराजी चौगल्याच्या जिभेला ‘न्हाई’ हा शब्द कधी लागलाच नव्हता. उभी हयात त्याची एका साखर कारखान्याच्या अतिथिगृहावर गेली. कोण संचालकाचा साडू, कोण इंजिनिअरचा मेव्हणा, कोण नुसताच रस्ता चुकलेला. गाडीचं दार वाजलं की पिराजी पायरीवर हजर, “या की, या की पावणं!” गरम पाणी? व्हय. जादा उशी? व्हय. अवेळी भाकरी? व्हय की, त्यात काय एवढं. नोकरी संपली, खाकी डगला खुंटीला लागला, पण जिभेवरचं ते ‘व्हय’ काही उतरलं नाही. कोल्हापुरात शाहूपुरीच्या मागल्या गल्लीतल्या त्याच्या घरात झाडू विकणारा आला, तरी सोप्यात बसून चहा पिऊन, चार झाडू खपवून जाई.

त्याची बायको शालूबाई. तिला राग येई, पण सरळ येत नसे, ओवी होऊन येई. आईच्या जात्यावर शिकलेली ती चाल. जातं गेलं, तरी गळा राहिला होता. आता मिक्सरच्या घरघरीवर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या जागेत ती ओवी बसवी.

*झाडूवाला गं पावणा, बसला माझ्या सोप्यात,*
*घर झाडाया बाई, जागा मला कोपऱ्यात.*

पिराजी हसे. ओवीतून ऐकलेलं बोलणं त्याला कधी लागत नसे.

पण एक गोष्ट लागली होती, ती आत खोल लागली होती. थोरल्या लेकीच्या, स्वप्नालीच्या लग्नाच्या वेळी पावणे म्हणाले, “पोरीचं शिक्षण आता बास करायचं,” आणि पिराजी म्हणाला, “व्हय.” तिचा नर्सिंगचा कोर्स निम्म्यावर राहिला. स्वप्नाली कधी बोलली नाही. माहेरी आली की कुणाच्या लेकराला ताप असला तर हळूच मनगट धरून नाडी बघे, एवढंच. ते बघितलं की पिराजी अंगणात निघून जाई.

आणि आता धाकटीचं, अनुजाचं ठरत होतं.

अनुजा एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती. मुरगूडच्या एका दूध संकलन केंद्राचे कागद घेऊन यशराज नावाचा पोरगा तिथं यायचा. तो स्वतः शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरीला, केंद्र त्याच्या वडिलांचं. कागद संपले, तरी तो येतच राहिला. मग शालूबाईचा भाऊ बाळासो मध्ये पडला, आणि रविवारी मुरगूडची माणसं बोलणी करायला येणार असं ठरलं.

“आबा,” अनुजानं बापाला समोर बसवलं. “यशराज मला पसंत हाय. पण मी नोकरी सोडणार न्हाई. त्यांच्याकडनं ती अट येणार म्हणं, मामानं सांगितलंय. रविवारी तुम्ही सगळ्यालाच व्हय म्हणून मोकळं होऊ नकासा.”

“व्हय,” पिराजी म्हणाला.

अनुजानं कपाळाला हात लावला.

आपण लेकीच्या कामाचं काहीतरी करावं असं पिराजीला फार वाटू लागलं. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. अनुजाचे बाळपणापासूनचे फोटो जोडून, मागं शालूबाईच्या ओव्या लावून एक फिल्म करायची आणि रविवारी पावण्यांना टीव्हीवर दाखवायची. अनुजानं ऑफिसातून निकालात निघालेला एक लॅपटॉप घरी आणला होता. त्यावर अडीनडीला थोडं खुडबुडायला पिराजी शिकला होता. शुक्रवारी अनुजा कामावर गेली आणि तो अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून लॅपटॉपपुढं बसला.

फोटोंची फिल्म फुकट करून देणारं काहीतरी शोधता शोधता एका पानावर हिरवंगार बटण दिसलं. जत्रेतल्या पाळण्यासारखं लुकलुकत होतं. खरं बटण त्याच्याखाली कोपऱ्यात मुंगीएवढं अंग चोरून बसलं होतं, ते पिराजीला कसं दिसावं? त्यानं हिरवं दाबलं.

इंग्रजी त्याला अतिथिगृहापुरतं येई. वेलकम, प्लीज, थँक्यू. पण पुढं आलेल्या पाटीवरचा एक शब्द तर त्याच्या घरचाच होता : रेकमेंडेड. चेअरमन साहेबांची चिठ्ठी घेऊन कुणी आलं की मॅनेजर म्हणत, “पिराजी, रेकमेंडेड हाय. एक नंबरची खोली दे.” शिफारशीचा माणूस! इथं तर गोल ठिपक्यापुढं तसं छापूनच आणलेलं. पिराजीनं अदबीनं मान लववली आणि एक नंबरची खोली उघडून दिली.

मग पाट्यांवर पाट्या येऊ लागल्या. प्रत्येकीवर ‘प्लीज’. प्लीज म्हणणाऱ्याला दारातनं परत कसं लावायचं? पिराजी प्रत्येकाला ‘नेक्स्ट’ म्हणत गेला आणि तोंडानं, “या की... बसा की... तुमीबी या.” आतून शालूबाई डोकावली.

“कुणाशी बोलताय?”

“पावणं आल्यात.”

शालूबाईनं रिकामा सोपा बघितला, नवऱ्याकडं बघितलं आणि सवयीनं चहाचं आधण वाढवलं.

संध्याकाळी अनुजानं लॅपटॉप उघडला आणि ती बघतच राहिली. उसानं भरलेली ट्रॉली चढाला लागावी तसा तो कण्हत होता. वरच्या कडेला शोधायच्या पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या होत्या, वरातीत फेट्यावर फेटा बांधावा तशा. एक लाल चौकट ‘तुमचं यंत्र धोक्यात आहे’ म्हणून बोंब ठोकत होती. एक रमी खेळायला बोलवत होती. एक बाई सारखी सांगत होती की तुम्ही काहीतरी जिंकलाय. आणि सगळ्यांच्या अंगावरून, गळ्यात घुंगरू बांधलेलं एक तपकिरी कुत्र्याचं पिल्लू दुडूदुडू पळत होतं.

“आबा! काय करून ठेवलासा हे?”

“फिल्मवाल्याला बोलावल्तं. आलाय की तोबी. शेवटी आला, पण आला.”

“आणि हे बाकीचे?”

“त्याच्याबरुबर आल्यात.” पिराजी जरा ओशाळला. “रेकमेंडेड होते गं. शिफारशीचे.”

“कुणाची शिफारस?”

पिराजी थबकला. हे त्यानं विचारलंच नव्हतं. चिठ्ठीवर सही कुणाची ते मॅनेजर बघायचे.

“त्यांची त्यांनीच केलीया शिफारस, आबा,” अनुजा म्हणाली. मग तिला हसू आवरेना. ती खाली सतरंजीवर बसली आणि बापाला कळेल अशा भाषेत सांगू लागली. “आपल्याकडं लग्नाचं आवतण कसं देत्यात? एक घरटी माणूस, म्हंजे घरातनं एकच, आणि एक चूलबंद. बरोबर?”

“व्हय. चूलबंद म्हटलं की घरात चूल पेटवायची न्हाई. म्हातारंकोतारं, पाळण्यातलं, सगळ्यांनी जेवायला यायचं.”

“तुमी ह्या फिल्मवाल्याला चूलबंद आवतण दिलासा. खाली दुसरा ठिपका हुता बघा, ‘कस्टम’ लिहिलेला. ते घरटी माणूस. तो दाबला की आतली सगळी माणसं दिसत्यात, प्रत्येकापुढं एकेक टीक. नको असलेल्याची टीक काढायची.”

“पण मी टिका मारल्याच न्हाईत.”

“आधीच मारलेल्या असत्यात.”

“कुणी मारल्या?”

“त्यांनीच.”

पिराजीचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. “म्हंजे आपल्याच उंबऱ्यात उभं राहून, आपल्या वतीनं ‘व्हय’ तेच म्हणून मोकळे?”

“तेच.”

“मग मला इचारल्यासारखं कशाला करत्यात?”

आतून उत्तर आलं, खोबरं किसण्याच्या तालावर :

*एकाला गं धाडलं आवतण, बारा आले ओळीनं,*
*उंबरा माझा झिजला, बिनओळखी चपलीनं.*

“आता एकेकाला काढायचं,” अनुजानं लॅपटॉप बापाच्या मांडीवर ठेवला. “आणि तुमीच काढायचं. मी नुसतं बोट दाखवीन.”

घालवण्याचं काम बोलावण्यासारखं सोपं नव्हतं. पहिल्याच पावण्यानं जाता जाता डोळ्यांत पाणी आणलं. पडद्यावर एक पिवळं तोंड मुसमुसू लागलं, खाली दोन बटणं. मोठं : ‘मला राहू द्या.’ लहान, पुसट : ‘नाही, मला सुरक्षित राहायचं नाही.’

“रडतंय गं ते,” पिराजी कासावीस झाला.

“रडू दे.”

“जेवायच्या वेळंला कुणाला घालवायचं...”

“आबा, ते जेवत न्हाई. ते आपल्याला खातंय.”

पिराजीनं डोळे मिटून लहान बटण दाबलं. मग पुढचं. रमीवाला गेला. जिंकल्याची वार्ता देणारी बाई गेली. प्रत्येकाला काढताना यंत्र विचारी, खरंच काढू का? आणि पिराजीला ‘व्हय’ म्हणावं लागे. “बघ की,” तो म्हणाला, “बाहीर व्हा म्हणायलाबी ‘व्हय’च लागतंय. मला जमंल हे.” त्याला जरा हुरूप आला.

शेवटी पिल्लू उरलं. ‘काढू?’ असं विचारताच ते मागच्या पायांवर बसलं, कान पाडले आणि घुंगरू हळूच वाजलं. पिराजीनं अनुजाकडं बघितलं. ती पाणी प्यायला आत गेली होती.

“तू ऱ्हा,” तो पुटपुटला. “दारात एक असावं.” आणि त्यानं ‘राहू द्या’ दाबलं.

शनिवारी अनुजा कामावर असताना पिराजीनं फोटो आणि ओव्या जोडून फिल्म पुरी केली. रविवारी मुरगूडची गाडी आली. पुढं यशराजचे वडील उदयसिंह, आवाजानं गल्ली भरून टाकणारे. मागं यशराज, नव्या शर्टाच्या घडीसकट. त्याच्या हाताला धरून उदयसिंहांची मावशी धोंडुबाई. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा मात्र दोन्हींचं काम करणारा. बाळासो आधीच सोप्यात बसून भडंगाच्या ताटावर पहिला हात मारत होता. पिराजी पायरीवर उभा, “या की, या की पावणं,” आणि शालूबाई दाराआड देवाला हात जोडून, आज तरी ह्यांच्या तोंडाला कुलूप घाल म्हणत.

चहा झाला. बाळासोनं मांडी ठोकली. “दाजी, सगळं ठरल्यातच जमा हाय. तुमी फक्त व्हय म्हणायचं. हुंडा नको! मानपान नको! सोनं नको!” हे त्यानं गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. मग आवाज उतरला, वेग वाढला, सगळं एका दमात गडगडत आलं. “आणि लगीन मुरगुडात मोठ्या हॉलात तीन गावाला जेवाण घालून आणि पोरीनं नोकरी सोडून दूध केंद्राचा हिशेब बघायचा आणि मावशींच्या डोळ्याचा इलाज कोल्हापुरात चाललाय तवर त्या तुमच्याकडं ऱ्हाणार आणि झालं. म्हणा व्हय.”

दाराच्या चौकटीत अनुजा उभी होती. यशराज आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

पिराजीच्या गळ्यात ते ‘व्हय’ आलं. उभ्या हयातीचं, घासून गुळगुळीत झालेलं. ओठांपर्यंत आलंसुद्धा. पण घाबरला की माणूस पाहुणचाराकडं वळतो, तसा तो एकदम उठला. “आधी फिल्म बघूया की! पोरीची.”

अनुजानं वायर जोडली. टीव्हीवर अनुजा रांगू लागली. शालूबाईचा गळा घरात भरला. पहिलीतली अनुजा, दोन वेण्यांची, एक दात पडलेली. उदयसिंहसुद्धा जरा पुढं सरकून बसले. धोंडुबाईचा एकुलता डोळा ओला झाला. “कुणाचा गं गळा ह्यो?” तिनं विचारलं.

तेवढ्यात घुंगरू वाजलं.

कोपऱ्यातून तपकिरी पिल्लू पळत आलं, अनुजाच्या फोटोवर बसलं, दोनदा भुंकलं आणि तोंडातली पाटी खाली ठेवली. पाटी उघडत उघडत आख्ख्या टीव्हीवर पसरली :

‘ह्याहून चांगलं स्थळ शोधताय? तुमच्या जवळच शेकडो वर!’

खाली सुटाबुटातल्या पोरांची रांग. एकानं तर हातात गिटार धरली होती.

उदयसिंहांचा चेहरा तांबडालाल झाला. “हे काय, चौगले? आमाला बसवून ठेवून दुसरी स्थळं बघताय व्हय?”

“अवो साहेब! ते कुत्र्यानं...”

“कुत्र्यानं स्थळ आणलं?”

बाळासोच्या तोंडातलं भडंग घशात गेलं. अनुजानं बापाकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ‘राहू दिलासा न्हवं?’ एवढंच होतं. त्या नजरेतच पिराजीला दुसरीही एक नजर दिसली, लेकराची नाडी बघणारी.

तो लॅपटॉपपुढं बसला. पाटीखाली दोन बटणं होती. मोठं, झगझगीत : ‘हो, दाखवा.’ लहान, पुसट : ‘नको.’ पिल्लानं कान पाडले. घुंगरू हळूच वाजलं.

“नको,” पिराजी म्हणाला. आणि दाबलं.

‘खरंच नको?’ यंत्रानं विचारलं.

“एकदा सांगितलं न्हवं? नको म्हंजे नको.” पिल्लू गेलं, पाटी गेली, दात पडलेली अनुजा परत हसू लागली. पिराजीला वाटलं होतं हा शब्द म्हणताना जीभ सोलून निघेल. पण तो तर साधा होता, वाटीभर पाण्यासारखा. तो घोटून पिराजी पावण्यांकडं वळला. कमरेतून जरा वाकला, अतिथिगृहात वाकायचा तसाच.

“साहेब, माफी असावी. पिल्लू मीच ठिवलं हुतं, दया आली म्हणून. स्थळ आमाला दुसरं नको. तुमचंच पाहिजे. पण बाळासो, मघाशी तू सांगितलास ते परत सांग. एकेक. सावकाश.”

“एकेक कशाला? ते सगळं एकातच हाय, दाजी.”

“तेच म्हणतो मी. ते चूलबंद हाय. मला घरटी माणूस पाहिजे.” त्यानं बोट पुढं केलं, जणू पडद्यावर ठिपका शोधतोय. “यशराज. व्हय. शंभरदा व्हय. मुरगुडात लगीन. व्हय, तुमची हौस हाय. तीन गावं नकोत, एक बास. पोरीची नोकरी...” दाराआड बांगड्या थांबल्या. “पोरीची नोकरी ऱ्हाणार.”

“म्हंजे आमची अट खोडताय?” उदयसिंह गरजले.

“खोडत न्हाई, साहेब. त्याच्यापुढची टीक तेवढी काढतोय. ती तुमी घरनंच मारून आणलीती.”

उदयसिंहांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण त्याआधी कोपऱ्यातून एक खोल, खोकत येणारं हसू आलं. धोंडुबाई पदरानं तोंड झाकून गदगदा हलत होती.

“उदया, गप बस. बरोबर बोलतोय पावणा. पोरगा शिरोलीला भट्टीपाशी, पोरगी मुरगुडात म्हसरांपाशी. मग लगीन नेमकं कुणाचं कुणाशी लावतोयस रं?”

“अगं मावशी, पण केंद्राचा हिशेब...”

“हिशेब ती हितनंच करंल,” यशराज वडिलांना म्हणाला. सगळे त्याच्याकडं वळले. त्याला आवाज आहे हे बऱ्याच जणांना आत्ताच कळलं. “आत्ताबी तीच करतीया, दादा. आणि ती अट मी घातलेली न्हाई.”

उदयसिंहांनी भडंगाची मूठ भरली आणि बराच वेळ चावली. कोल्हापूर भागात माणूस माघार घेतो तेव्हा तोंडात काहीतरी असावं लागतं. मग ते घसा साफ करत म्हणाले, “बरं. ऱ्हाऊ दे नोकरी.” आणि जरा वेळानं, हळू आवाजात, “चौगले, आमच्या केंद्रातल्या मशीनवरबी एक बाई हाय. रोज सांगती, तुमी जिंकलाय, जिंकलाय. ती कशी काढायची?”

“जाताना रडंल,” पिराजी म्हणाला. “बघायचं न्हाई तिच्याकडं.”

“आणि माझं काय?” धोंडुबाईनं विचारलं. “माझी टीक ठिवली का काढली?”

शालूबाईनं दाराआडून डोळे मोठे केले. घरात दोन खोल्या, त्यात डोळ्याची औषधं, पथ्य, दवाखान्याच्या फेऱ्या. पिराजीनं बायकोकडं बघितलं, म्हातारीच्या हिरव्या पट्टीकडं बघितलं. आज त्याला हवं ते म्हणता येत होतं. म्हणूनच त्यानं अगदी आवडीनं म्हटलं, “तुमची ऱ्हाऊ दे की, मावशी. तुमाला आमी बोलावतोय.”

शालूबाई पाय आपटत आत गेली आणि मिक्सर लावला. घरघरीवर ओवी आली, झणझणीत :

*माझ्या गं भोळ्या धन्यानं, सारे पावणे काढले,*
*एका डोळ्याचं बाई, गाठोडं तेवढं ठेवलं.*

मिक्सर थांबला. आणि सोप्यातून, पट्टीखालच्या त्या म्हाताऱ्या गळ्यातून, त्याच चालीवर उत्तर आलं :

*एका डोळ्याचं गाठोडं, बस गं सोडून चुलीशी,*
*साठ वर्सांच्या ओव्या, कधीच्या माझ्या उशाशी.*

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. शालूबाई ओल्या हातानं बाहेर आली आणि धोंडुबाईच्या पुढ्यात फतकल मारून बसली. “परत म्हणा,” ती म्हणाली. “चाल कुठली ती? आमच्याकडं शेवटी वर जातीया.”

पावण्यांना त्यानंतर जेवायलाच बसावं लागलं, कारण दोघी उठायचं नाव घेईनात. यशराज वाढायला उठला, अनुजानं त्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि परत त्याच्याच हातात दिली. बाळासो सगळ्यांना सांगत होता की हे असंच होणार हे त्याला माहीत होतं.

पिराजी अंगणात आला. पण आज निघून गेल्यासारखा नाही. त्यानं खिशातून फोन काढला, स्वप्नालीच्या घरचा नंबर लावला. पलीकडं जावयानं उचलला.

“व्हय मामा, बोला की. जमलं का तिकडं?”

“जमलं,” पिराजी म्हणाला. तुळशीपाशी जरा थांबला. आतून दोन गळे एका ओवीत मिसळत येत होते. “जावईबापू, जेवण झालं का? मग निवांत बसा. आणि स्वप्नालीलाबी बोलवा जवळ. तुमच्या लग्नातली एक टीक काढायची ऱ्हायलीया.”